उलटे आटे

'त्याचे आटे ढिले झालेत' हे मी पस्तीस वर्षांत वर्गात किती वेळा म्हटलं असेन, सांगता येणार नाही. मुलं हसायची, मलाही बरं वाटायचं. आटा म्हणजे नट-बोल्टवरची ती गोल गोल चढत जाणारी खाच, एवढं मला माहीत होतं. पण आटे सुलटे असतात तसे उलटेही असतात, हे कळायला पंच्याहत्तरीचा उंबरठा गाठावा लागला. तेही एका सायकलीपायी.

सायकल रॅलेची, अस्सल नॉटिंगहॅमची. माझा आतेभाऊ बोटीवर होता. त्याने १९७९ साली तिकडून येताना ती स्वतःसाठी आणली आणि दोन वर्षांतच, आपण वर्षातले दहा महिने समुद्रावर असतो हे लक्षात आल्यावर, मला विकली. दहा गिअर, बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल. त्या हँडलवर ओणवा होऊन शाळेत शिरणारा मराठीचा मास्तर हा मुलांना फारच मोठा खाऊ झाला असता, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी ते बदलून सरळ बसवून घेतलं. बाकी सायकल तशीच राहिली. तिच्यावरून मी चिपळूणच्या त्या शाळेत २००९ साली निवृत्त होईपर्यंत गेलो-आलो. २००५ च्या पुरात ती माडीवर होती म्हणून वाचली.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाचली नाही. आमच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर काय काय टाकून द्यावं लागलं त्याची यादी मी इथे देत नाही. चिपळूणच्या ज्या घरांत पाणी शिरलं त्या प्रत्येकाकडे अशी यादी आहे आणि प्रत्येकाला आपलीच सर्वांत लांब वाटते. जिन्याखाली सायकल सापडली. तिच्या चाकात कुणा शेजाऱ्याची प्लास्टिकची खुर्ची अडकली होती. नळीने पाणी मारून मी ती धुतली, ऊन दाखवलं, भिंतीला टेकवून ठेवली. धुतली म्हणजे झालं असं मला वाटलं. गाळ बाहेरून जातो, आतून जात नाही, हे भांडी घासणारी बाईसुद्धा सांगेल. पण मी कुणाला विचारलं नाही.

सहा महिन्यांनी पायडल मारायला गेलो तर ते हलेचना.

सायकलीच्या दोन मोठ्या नळ्या खाली जिथे एकत्र येतात तिथे एक आखूड आडवी नळी असते. तिच्यातून जाणाऱ्या एक्सलच्या दोन टोकांना दोन क्रँक बसतात आणि क्रँकला पायडल. या सगळ्या प्रकाराला दुकानदार 'बी.बी.' म्हणतात. आडव्या नळीच्या दोन्ही तोंडांशी एकेक लोखंडी कप, म्हणजे वाटीच ती, आट्यांवर बसवलेला असतो. वाटीत अकरा-अकरा छर्रे. त्या बावीस छऱ्यांवर आपलं सगळं वजन गोल फिरत असतं. माझ्या बी.बी.त वाशिष्ठीचा गाळ भरून सुकला होता आणि त्यावर कोकणातले पावसाळे चढले होते.

बाजारातल्या एका दुकानात नेली. त्याने कॉटर पिना ठोकून काढल्या, दोन्ही क्रँक उतरवले, डाव्या बाजूची लॉक रिंग छिन्नीने हळूहळू फिरवली, डावा कप काढला, एक्सल ओढून घेतला. इथवर तासभर लागला. उजव्या कपावर मात्र त्याचा पाना घसरला. त्या कपाला पाना धरायला दोनच चपट्या कडा असतात, त्याही जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या. दोनदा घसरल्यावर त्या कडांचे कोपरे गोल झाले. "काका, हा नाही निघणार," तो म्हणाला, "गंजून एकजीव झालाय. भंगारात घाला, लोखंडाचा भाव तरी मिळेल."

पुण्याच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही यावर जेवढा वेळ घालवताय तेवढ्यात मी तुम्हाला नवी पाठवतो." यात त्याचं काही चुकलं नाही. वर त्याने सांगितलं की हल्लीच्या बी.बी.त सुटे छर्रे नसतातच, बंद डबी असते, पाणी आत जात नाही, बिघडली की अख्खी डबी बदलायची. कोकणासारख्या हवेत ती डबी या जुन्या वाट्यांपेक्षा नक्कीच चांगली. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, पुरात जुनं काय होतं ते मी पाहिलंय.

पण ती भंगारात घालवेना. मग मी स्वतः मोठा पाना विकत आणला, त्यावर अडीच फुटी पाइप चढवला, सायकल व्हरांड्यात उलटी केली आणि रोज सकाळी चहानंतर त्या कपाशी झटायला लागलो. सौ. आतून म्हणायची, "अहो, कंबर जाईल." कंबर गेली नाही, पण कपही हलला नाही. तीन आठवडे हे चाललं.

गेटची बिजागरी तुटली होती म्हणून त्याच सुमारास आमच्याकडे एक फॅब्रिकेशनवाला आला. माझाच विद्यार्थी. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आयटीआय करून त्याने लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत बरीच वर्षं फिटरचं काम केलं, आता स्वतःचं वर्कशॉप आहे. बिजागरीचं माप घेता घेता त्याचं लक्ष व्हरांड्याकडे गेलं. मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. तो जवळ आला, खाली बसला, पाइप चढवलेल्या पान्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, फिरवताय कुठल्या बाजूला?"

"कुठल्या म्हणजे? उघडायचं तर डावीकडे."

तो काही वेळ काही बोलला नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, उजव्या कपाचे आटे उलटे असतात. तीन आठवडे तुम्ही तो आवळताय."

विद्यार्थ्याने मास्तरांची चूक सांगताना जो आवाज काढायला हवा तोच त्याने काढला होता. आम्ही मास्तर मुलांना चूक सांगताना असा आवाज कधी काढत नाही.

मी विचारलं, उलटे कशासाठी? कारखान्यातल्या माणसाला असं कुणी विचारलं की आनंद होत असावा. त्याने माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली. "ही मुठीत सैल धरा. आता दुसऱ्या हाताने तिचं वरचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं गोल न्या. पिळू नका, नुसतं गोल न्या." तसं केलं तर पेन्सिल माझ्या मुठीत स्वतःभोवती, हळूहळू, उलट्या दिशेने सरकायला लागली. कुणी फिरवत नसताना! वाचकांनी करून पाहावं, मी दिवसभर करत होतो. त्याचं म्हणणं असं की, एक्सल ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने कप असाच कणाकणाने सरकू पाहतो. उजवीकडचे आटे नेहमीसारखे सुलटे ठेवले तर चालवता चालवता कप सैल होऊन बाहेर येईल. उलटे ठेवले की तेच सरकणं त्याला आवळत राहतं. इटालियन सायकलींना म्हणे दोन्हीकडे सुलटेच आटे असतात, आणि त्यांचा उजवा कप सैल पडतो अशी त्यांची ख्यातीही आहे. आपल्या गावठी काळ्या सायकलींनाही उजवीकडे उलटेच. म्हणजे बाजारातल्या त्या दुकानदाराला हे ठाऊक होतं. मी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण विचारायची सवय आम्हाला नाही, आम्हाला प्रश्न विचारून उत्तर तपासायची सवय आहे.

"वर्कशॉपला आणून टाका सर, बघू," तो म्हणाला. आणि गेटमधून बाहेर पडताना हसत हसत म्हणाला, "आम्ही काय, पाने फिरवणारेच."

हे वाक्य माझंच आहे.

१९८८ सालची गोष्ट, आठवीचा वर्ग. मी समास शिकवत होतो आणि हा शेवटून दुसऱ्या बाकावर व्याकरणाच्या वहीत काहीतरी काढत होता. वही ओढून पाहिली तर सायकलच्या फ्री व्हीलचं चित्र, आतले दाते, त्यांना अडवणारे खटके, सगळं सुटं सुटं करून काढलेलं. चांगलं होतं. चांगलं आहे हे मला तेव्हाही कळलं होतं, म्हणूनच अधिक राग आला असावा. मी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणालो, "अरे, वहीची पानं फिरव, नाहीतर जन्मभर पाने फिरवत बसशील." श्लेष साधला होता. वर्ग हसला. शिक्षकांच्या खोलीत जाऊन मी तो पुन्हा एकदा ऐकवला, तिथेही हशा मिळाला. पुढे अनेक वर्षं मी हे वाक्य वेगवेगळ्या मुलांवर वापरलं. ज्याच्यासाठी पहिल्यांदा सुचलं त्याला ते पाठ होतं.

सायकल वर्कशॉपला नेली. त्याने घाई केली नाही. आधी कपाच्या त्या गोल झालेल्या कडांवर कानस मारून त्या पुन्हा एकमेकींना समांतर केल्या. मग सांगाडा उजव्या अंगावर निजवून आडव्या नळीत आतून डिझेल ओतलं आणि चार दिवस तसाच ठेवला. रोज थोडं डिझेल, रोज नळीवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचे हलके ठोके. "कशाला ठोकतोस?" तर म्हणे, "गंजाला जाग येते." हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही, पण असायला हवं होतं.

मी मध्येच सुचवलं की हा कप तोडून काढू, नवा घालू, दीडदोनशे रुपयांना मिळेल. त्याने पातळ पट्ट्यांची एक गेज आणली आणि डाव्या कपाच्या आट्यांवर लावून दाखवली. बाजारात मिळतात त्या कपांना इंचाला २४ आटे. हा रॅलेचा, इंचाला २६. नॉटिंगहॅमच्या कारखान्याने कित्येक वर्षं स्वतःच्या सायकलींसाठी हे वेगळं माप चालवलं. व्यास तोच, त्यामुळे २४ चा कप एक-दोन वेढे जातो, माणसाला वाटतं बसला, आणि मग जोर लावला की नळीतले आटे कायमचे जातात. नॉटिंगहॅममध्ये सायकली बनणं २००२ साली थांबलं. म्हणजे हा कप मोडला तर चिपळूणच्या बाजारात दुसरा नाही. "याला जिवंतच काढायला पाहिजे," असं तो म्हणाला.

पाचव्या दिवशी डिझेल पुसून, नळी पार कोरडी करून, त्याने बाहेरून गॅसची मंद ज्योत फिरवली. तिथला रंग करपला. मला वाईट वाटलं, पण नळी तापून कणभर प्रसरण पावली तर आतला कप मोकळा होईल हे शाळेतल्या विज्ञानाइतकं मलाही येत होतं. तापलेली असतानाच त्याने मेणबत्ती कपाच्या कडेला टेकवली. मेण वितळून त्या फटीत, जिथे केससुद्धा गेला नसता तिथे, शिरताना दिसलं. आत ओढलंच गेलं ते.

आणि मग जे केलं त्याची मला कल्पनाही नव्हती. मी समजत होतो की तो आता माझ्यापेक्षा मोठा पाना आणेल. त्याने पाना घेतलाच नाही. बाकाला बसवलेला जड शेगडा उघडला (इंग्रजीत व्हाइस म्हणतात तो, आमच्या शब्दकोशात आहे, मी कधी उच्चारला नव्हता) आणि सांगाडा आडवा करून कपाच्या त्या दोन कडा शेगड्याच्या जबड्यात गच्च धरल्या. कप शेगड्यात, आणि वर अख्खी सायकल आडवी. आता कप स्थिर ठेवून सायकलच फिरवायची. अडीच फुटी पाइपाऐवजी सायकलचाच सांगाडा दांडा झाला.

"सर, तुम्ही मधोमध वरून दाबून धरा, कप जबड्यातून उसळायला नको. मी हँडलच्या बाजूने फिरतो. मागून धरायला मात्र कुणीतरी पाहिजे." मदतनीस साइटवर गेला होता. दारात त्याचा मुलगा उभा होता, अकरावीचा, हातात फोन, पाठीला क्लासची बॅग. मी म्हणालो, "त्याला बोलाव की." तो म्हणाला, "नको सर. हात काळे होतील. उद्या टेस्ट आहे त्याची."

"अरे, दोन मिनिटांचं काम. धरू दे."

त्यावर तो माझ्याकडे न बघता, जबड्याची मूठ आवळत म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतंत ना सर. पाने नको फिरवू म्हणून."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. हे तो खरंच मानत होता. मी आठवीत जे त्याला लाजवायला म्हणालो ते त्याने जपून ठेवून, खरं समजून, आपल्या मुलाला लागू केलं होतं. त्याच्या वर्कशॉपच्या भिंतीवर मुलाच्या दहावीच्या टक्क्यांचा अभिनंदनाचा फ्लेक्स आहे. स्वतः केलेल्या कशाचाही फोटो नाही.

इथे मला थोडं थांबून, आम्हा शिक्षकांबद्दल बोलायचं आहे. शाळेच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा विषय होता. त्याच्या तासांना काय व्हायचं, हे त्या काळात शिकलेल्या कुणालाही विचारा. गणिताचे सर मागून घ्यायचे, इंग्रजीच्या बाई मागून घ्यायच्या, आणि दहावीच्या वर्गाचे तास मी मागून घ्यायचो, व्याकरणासाठी. त्या तासांचे गुण मात्र सर्वांना मिळायचे, आणि भरघोस. आम्ही पुठ्ठ्याचे आकाशकंदील मुलांच्या आयांकडून करवून घेऊन त्यांना श्रेणी दिल्या. वर्गात साठ-पासष्ट मुलं, अभ्यासक्रम संपवायची घाई, निकालाची टांगती तलवार, हे सगळं खरं आहे आणि मी ते सबब म्हणून अनेकदा वापरलंही आहे. पण साठ मुलं होती म्हणून मी ते वाक्य बोललो नव्हतो. हाताने काम करणारा माझ्यापेक्षा खालचा आहे असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून बोललो.

आणि मला सांगणारं कुणी नव्हतं असंही नाही. महात्मा फुल्यांवरचा पाठ मी दरवर्षी शिकवत होतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं त्यात, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे शिक्षक गावच्या शाळांना हवेत, अशा अर्थाची मागणी आहे. मी 'हंटर आयोग – १८८२' एवढं फळ्यावर लिहून चौकट करून द्यायचो, कारण रिकाम्या जागा भरा मध्ये ते येण्याचा संभव असे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली, तीही दोन गुणांची टीप झाली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि खेड्यातल्या मुलांना हाताने करता करता विज्ञान शिकवून दाखवलं. म्हणजे मी ज्या वर्षी त्या वहीची टर उडवली त्याच्या पाच वर्षं आधीपासून ते काम आपल्याच राज्यात चालू होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांनी सहावी ते आठवीच्या दरम्यान कधीतरी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर काढावेत असं म्हटलंय. चांगलं आहे. पण त्या दहा दिवसांत शाळेचा गुरुजी कुठे असेल, हा माझा प्रश्न आहे. तो मुलांबरोबर खाली बसून हात काळे करणार असेल तर ठीक. बाजूला खुर्ची टाकून हजेरी घेणार असेल तर मुलं जे शिकायचं तेच शिकतील, की हे काम दहा दिवसांपुरतं करायचं असतं आणि खुर्चीवर बसणारा मोठा असतो.

माझ्या विद्यार्थ्याशी मी त्या दिवशी वाद घातला. तो म्हणाला, "सर, माझं वर्कशॉप चाललं म्हणून तुम्हाला हे बरं दिसतंय. माझ्याबरोबर आयटीआय झालेले कितीतरी अजून कंत्राटावर आहेत, तिथे उद्याची खात्री नाही. हातात कसब असलं की मान मिळतो असं तुम्ही आता म्हणताय. मला बँकेत कर्ज मागायला गेलो की कळतं कुणाला किती मान आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चाळीस वर्षं हाताच्या कामाची किंमत पाडण्यात हातभार लावायचा आणि मग एकाएकी त्याचे गोडवे गायचे, हे माझ्यासारख्या पेन्शन घेणाऱ्याला शोभतही नाही. मी एवढंच म्हणालो की, त्याला फिटर कर असं मी म्हणत नाही, मागून धरू दे म्हणतोय.

तेवढ्यात पोरगाच बॅग खाली ठेवून आला. आमचा वाद त्याला कंटाळवाणा झाला असावा. मागच्या चाकाच्या बाजूने त्याने सांगाडा धरला. बापाने त्याच्याकडे पाहिलं, काही बोलला नाही.

मी मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबून उभा, ते दोघे दोन टोकांना. "घड्याळाच्या दिशेने," तो म्हणाला. "देवळात प्रदक्षिणा घालतो तसं." दोघांनी जोर दिला. काही नाही. पुन्हा. शेगडा ज्या बाकाला होता तो बाकच करकरला. तिसऱ्यांदा, आणि 'टण्' असा आवाज आला, इतका मोठा की सांगाड्याची नळी फुटली असं समजून मी हात उचलले. "दाबा सर, दाबा! सुटला!" सायकल वीतभर फिरली होती. मग आणखी वीतभर. मग ते दोघे चालायलाच लागले, शेगड्याभोवती, बाप पुढे आणि मुलगा मागे, आणि मी मध्ये देवासारखा, ज्याच्याकडून काहीही झालं नाही असा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला सायकल हलकी झाली आणि वर उचलली गेली. शेगड्यात कप राहिला.

त्यात गाळ होता. सुकलेला, तपकिरी, आणि बोटाने दाबला तर पिठासारखा मऊ. माझ्या कोशाच्या खंडांच्या पानापानांत होता तोच. ती पुस्तकं फेकून दिली तेव्हा मी घरातल्यांदेखत रडलो नव्हतो. वर्कशॉपमध्ये मला थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

आत आलो तेव्हा मुलगा खाली बसून रॉकेलच्या डब्यात छर्रे धूत होता. कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. बाप दुसऱ्या कामाला लागला होता, निदान तसं दाखवत होता. मुलाने पेन्सिलचा प्रयोग ऐकलेला नव्हता, तो मी त्याला करून दाखवला. त्याने तीनदा केला आणि मग विचारलं, "पण मग पायडलचं काय? उजव्या पायडलचे आटे तर सुलटे आहेत, मघाशी बघितलं मी." खरंच, उजवं पायडल सुलटं आणि डावं उलटं असतं. कपाच्या बरोबर विरुद्ध. मी त्याच्या बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "तिथे एक्सल थांबलेला असतो आणि पायडल त्याच्याभोवती फिरतं. इथे कप थांबलेला असतो आणि एक्सल आत फिरतो. काढ चित्र, कळेल." मुलाने फोन बाजूला ठेवला आणि क्लासच्या वहीचं मागचं पान उघडलं.

छर्रे मोजले तर एकवीस भरले. बाविसावा शेगड्याखाली, पत्र्याच्या तुकड्यांत, कुठेच मिळाला नाही. मी म्हटलं, एक नवा घालू. तर तसं चालत नाही म्हणे, जुने झिजून केसभर लहान झालेले असतात, एकटा नवा त्यांच्यात घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो. एक गेला तर बावीसच्या बावीस नवे. पाव इंची, किरकोळच किमतीचे. ते आणायला मुलगाच गेला, माझी सायकल अजून उभी राहायची होती म्हणून बापाच्या स्कूटरवरून. परत आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीला ग्रीस लागलेलं होतं, आणि टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होती.